चलनातला चेहरा, पेटीतला चेहरा

१. हे नाणं चालतं का?

मखमली पेटीतलं, आरशासारखं चकाकणारं एखादं परदेशी नाणं समोर आलं की बघणाऱ्याचा पहिला प्रश्न इतिहासाचा नसतो. ‘हे चालतं का?’ असं तो विचारतो. दुकानदार ते घेईल का, त्या देशात त्याचं काही विकत येईल का? पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो. त्यावर १०० लिहिलंय, मग ते इतकं महाग कसं? आणि नाण्यावर एखाद्या पुढाऱ्याचा चेहरा असला तर तिसराही येतो. हा माणूस इथवर पोचला कसा, ठरवलं कुणी?

हे तीनही प्रश्न आपण मुख्यतः एका देशाला धरून सोडवणार आहोत. तो देश म्हणजे कॅस्पियन समुद्राच्या पश्चिम काठावरचा अझरबैजान, आणि तो चेहरा म्हणजे तिथले दिवंगत राष्ट्राध्यक्ष हैदर अलीयेव. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये मोडला, त्यातून पंधरा देश निघाले. त्या प्रत्येकाला झेंडा, राष्ट्रगीत आणि पैसा नव्याने ठरवावा लागला. झेंडा वर्षातून काही वेळा दिसतो, पैसा मात्र रोज हातात येतो. म्हणून पैशावर कोण असावं हा प्रश्न तिथे फार जिव्हाळ्याचा होता. अझरबैजानने त्याचं दिलेलं उत्तर नीट कळावं म्हणून समुद्रापलीकडच्या तुर्कमेनिस्तानलाही मधे बोलवावं लागेल. दोन्ही देशांच्या चलनाचं नाव एकच आहे, मानात. दोघांनी निवडलेल्या वाटा मात्र अगदी वेगळ्या.

आधी मूळ गोष्ट स्पष्ट करू. धनत्रयोदशीला सोनाराकडून लक्ष्मीचं चांदीचं नाणं आणायची आपल्याकडे पद्धत आहे. आपण त्याला नाणं म्हणतो, पण पैशाच्या अर्थाने ते नाणं नव्हे. त्यावर सरकारचं नाव नसतं आणि रुपयांचा आकडाही नसतो. त्याचं मोल म्हणजे त्यातली चांदी आणि वर घडणावळ. अशा वस्तूला पदक म्हणावं. पदक कुणीही काढू शकतं. नाणं फक्त राज्यसंस्था काढते. त्यावर ती आपलं नाव घालते, एक आकडा घालते आणि त्या आकड्याइतकी देणी या तुकड्याने फिटतील अशी कायद्याची हमी देते. त्या आकड्याला दर्शनी किंमत म्हणतात. हा शब्द पुढे वारंवार येईल.

आता स्मारक नाणं. एखाद्या व्यक्तीची किंवा घटनेची आठवण म्हणून काढलेलं नाणं ते स्मारक नाणं. त्याचे दोन प्रकार आहेत आणि सगळा गोंधळ त्या दोघांना एकच समजल्याने होतो. पहिला प्रकार नेहमीच्या चिल्लरीत मिसळून येतो. १९९९ चं छत्रपती शिवाजी महाराजांचं दोन रुपयांचं नाणं किंवा लोकमान्य टिळकांचं पाच रुपयांचं नाणं वाण्याकडच्या सुट्ट्या पैशांत अनेकांना मिळालेलं आहे. ते चालतं आणि दोन किंवा पाच रुपयांनाच चालतं. दुसरा प्रकार टांकसाळ फक्त संग्राहकांसाठी पाडते. तो सोन्याचा किंवा चांदीचा, मोजक्या संख्येचा असतो, पेटीत आणि प्रमाणपत्रासह मिळतो. कायद्याने तोही पैसाच आहे. पण तो कुणी खर्च करत नाही. का करत नाही, ते एका हिशेबाने चटकन कळेल.

२. शंभर मानात म्हणजे किती?

अझरबैजानने १९९२ मध्ये स्वतःचं चलन सुरू केलं, तेव्हा १० रूबलना १ मानात असा दर होता. पुढच्या दोन-तीन वर्षांत आर्मेनियाशी युद्ध, निर्वासितांचे लोंढे आणि कोसळलेले कारखाने यांच्यामुळे महागाई भडकली आणि मानातची किंमत रसातळाला गेली. नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून एका डॉलरला चार हजारांहून जास्त मानात पडू लागले.

त्याच काळात, १९९६ मध्ये, अझरबैजानी भाषेचा थोर कवी फुझुली याच्या पाचशेव्या जयंतीची स्मारक नाणी निघाली. चांदीच्या नाण्यावर ५० मानात लिहिलेलं होतं, सोन्याच्या नाण्यावर १००. आता गणित करा. डॉलरला ४,००० हून अधिक मानात, तर १०० मानात म्हणजे जेमतेम अडीच अमेरिकन सेंट. सोन्याच्या नाण्यावर सरकारने स्वतःच्या हाताने लिहिलेली किंमत एवढी!

हैदर अलीयेव १२ डिसेंबर २००३ रोजी अमेरिकेतल्या क्लीव्हलँड इथल्या रुग्णालयात वारले. पुढच्याच वर्षी त्यांच्या स्मरणार्थ सोन्याचांदीची नाणी काढण्यात आली. चलन तेव्हाही जुनंच होतं आणि डॉलरचा दर ४,९०० च्या आसपास होता. म्हणजे शंभर मानातला दोन सेंट. उदाहरणासाठी असं धरू की त्या काळातल्या एका सोन्याच्या नाण्यात दहा ग्रॅम सोनं आहे आणि त्यावर १०० मानात लिहिलं आहे. २००४ मध्ये सोनं एका ट्रॉय औंसाला, म्हणजे ३१.१ ग्रॅमला, साधारण ४०० डॉलर होतं. दहा ग्रॅमचे झाले सुमारे १३० डॉलर. दर्शनी किंमत दोन सेंट आणि धातूची किंमत त्याच्या साडेसहा हजार पट. असं नाणं दुकानात देईल कोण?

गोष्ट इथेच थांबत नाही. १ जानेवारी २००६ रोजी अझरबैजानने चलनाची फेररचना केली. ५,००० जुने मानात बरोबर १ नवा मानात. नव्या मानातचे १०० कपिक. या हिशेबाने जुन्या शंभर मानातचे होतात दोन कपिक आणि पन्नास मानातचा एक. फुझुलीच्या चांदीच्या नाण्याची दर्शनी किंमत देशातल्या सर्वांत छोट्या सुट्ट्या नाण्याएवढी झाली. नाण्याचं तेज यत्किंचितही कमी झालं नाही आणि बाजारातली त्याची किंमतही घसरली नाही. बदलला तो फक्त आकड्याचा अर्थ.

३. मग आकडा घालायचाच कशाला?

कारण आकड्याशिवाय ते पदक होईल. मध्यवर्ती बँक पदकं विकू लागली तर तिच्यात आणि सराफात फरक काय? आकडा आला की वस्तू कायद्याच्या नजरेत चलन ठरते, तिची नक्कल करणं हा चलन बनावट करण्याचा गुन्हा होतो, आणि जगभरच्या नाणेसूचीत तिला जागा मिळते. जगातले बहुतेक संग्राहक नाणी जमवतात, पदकांकडे फारसे वळत नाहीत.

पण आकडा जाणूनबुजून लहान ठेवतात, यालाही भक्कम कारण आहे. तो धातूच्या किमतीपेक्षा मोठा ठेवला तर काय घडतं हे जपानने अनुभवलं. सम्राट हिरोहितो यांच्या कारकिर्दीला साठ वर्षं झाली म्हणून १९८६ मध्ये जपानने एक लाख येनचं सोन्याचं नाणं काढलं. त्यात वीस ग्रॅम सोनं होतं आणि त्या सोन्याची किंमत होती सुमारे चाळीस हजार येन. म्हणजे कुणी खऱ्या सोन्याचं, अगदी तंतोतंत वजनाचं नकली नाणं पाडलं तरी प्रत्येक नाण्यामागे साठ हजार येनचा फायदा! १९९० मध्ये अशी एक लाखाहून जास्त नकली नाणी उघडकीस आली. खोट्या नाण्यात खरं सोनं वापरूनही गबर होता येतं, ही नाणेशास्त्रातली विलक्षण घटना आहे.

आकडा लहान असला की हा धोका राहत नाही. शिवाय नाणं परतही येत नाही. दर्शनी किंमत मोठी असेल तर सोन्याचा भाव पडल्यावर लोक ती नाणी बँकेत आणून रोख पैसे मागतील. दोन सेंटसाठी कुणी सोनं आणून देणार नाही. विकलं ते विकलं. ही ‘परत न येण्याची’ गोष्ट लक्षात ठेवा. पुढे राजकारणात तिचं महत्त्व कळेल.

४. लेनिन होता, स्टॅलिन नव्हता

सोव्हिएतोत्तर देशांत नेत्याची नाणी निघाली की ‘जुनी सोव्हिएत सवय’ असं सर्रास म्हटलं जातं. मला हे विधान अर्धंच खरं वाटतं, आणि उरलेलं अर्धं जास्त महत्त्वाचं आहे.

सोव्हिएत संघाचं पहिलं स्मारक रूबल नाणं १९६५ चं, महायुद्धातल्या विजयाच्या विसाव्या वर्षाचं. त्यावर बर्लिनमधल्या सोव्हिएत सैनिकाचा पुतळा होता. लेनिन आला १९६७ मध्ये, क्रांतीच्या पन्नासाव्या वर्षी. मग १९७० मध्ये लेनिनच्या जन्मशताब्दीचा रूबल निघाला, तोही सुमारे दहा कोटी नगांचा. तांबं, निकेल आणि जस्त यांच्या साध्या मिश्रधातूतलं हे नाणं दुकानात रूबलभर मालासाठी सरळ देता येत होतं. म्हणजे आपल्या वर्गवारीतला पहिला प्रकार. इतक्या प्रचंड संख्येमुळे ते आजही जगभर स्वस्तात मिळतं.

लेनिन मात्र १९२४ मध्येच वारला होता. स्टॅलिन हयात असताना त्याचे पुतळे गावोगावी होते, शहरांना त्याचं नाव होतं, पण सोव्हिएत नाण्यावर तो कधीही आला नाही. त्याच्या सत्तराव्या वाढदिवसाची चांदीची नाणी १९४९ मध्ये काढली ती चेकोस्लोव्हाकियाने. स्टॅलिननंतर सत्तेवर आलेला ख्रुश्चेव्ह नाही, ब्रेझनेव्हही नाही, आणि ब्रेझनेव्हला तर स्वतःच्या छातीवर पदकं लावून घेण्याची केवढी हौस होती. जिवंत माणूस नाण्यावर चालणारच नाही असा काही नियम होता म्हणावं तर तसंही नाही. व्हॅलेंतिना तेरेश्कोव्हा ही अंतराळात गेलेली पहिली स्त्री. तिच्या उड्डाणाला वीस वर्षं झाली म्हणून १९८३ मध्ये तिचा चेहरा असलेला रूबल निघाला, तेव्हा ती चांगली शेहेचाळीस वर्षांची होती. अंतराळवीर चालली, सत्ताधारी पुढारी मात्र हयातीत कधीच नाही.

म्हणजे स्मारक रूबल काढायची रीत सोव्हिएत आहे, हे खरं. पण खुर्चीवर बसलेल्या माणसाने स्वतःचा चेहरा नाण्यावर घेणं हे सोव्हिएत संघ मोडल्यानंतरचं नवं पाऊल होतं. ते सर्वांत आधी आणि सर्वांत उघडपणे उचललं तुर्कमेनिस्तानने.

५. खिशातला राष्ट्राध्यक्ष

सापरमुरात नियाझोव हे सोव्हिएत काळात तुर्कमेनिस्तानच्या कम्युनिस्ट पक्षाचे प्रमुख होते. स्वातंत्र्यानंतर ते राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांनी ‘तुर्कमेनबाशी’, म्हणजे तुर्कमेन लोकांचा प्रमुख, ही पदवी घेतली. १ नोव्हेंबर १९९३ रोजी तुर्कमेन मानात सुरू झाला, ५०० रूबलना एक या दराने. बहुतेक नोटांवर नियाझोव होते. आणि १, ५, १०, २० आणि ५० तेन्नेच्या सर्व नाण्यांवरही त्यांचाच बाजूने दिसणारा चेहरा होता. तेन्ने हा तिथला पैसा, शंभर तेन्नेचा एक मानात.

ही स्मारक नाणी नव्हती, हे लक्षात घ्या. ही रोजची चिल्लर होती. पाव घेताना, बसचं तिकीट काढताना माणसाच्या हातात राष्ट्राध्यक्षांचा चेहरा यायचा. स्मारक नाणं हा विशेष सन्मान असतो. तुर्कमेनिस्तानात तो सन्मान अगदी सर्वसाधारण करून टाकण्यात आला. पुढे तिथे महिन्यांची नावंही बदलली. २००२ पासून जानेवारी झाला ‘तुर्कमेनबाशी’ आणि एप्रिलला त्यांच्या आईचं नाव मिळालं. राजधानी अश्गाबातमध्ये पंच्याहत्तर मीटर उंच कमानीवर त्यांचा सोन्याचा मुलामा दिलेला पुतळा उभा राहिला आणि तो सूर्याच्या दिशेने फिरत असे. विरोधी पक्ष नव्हता, स्वतंत्र वर्तमानपत्र नव्हतं. या सगळ्याकडे दुरून गंमत म्हणून पाहिलं जातं, ते मला पटत नाही. ज्या देशात विरोधात बोलणाऱ्याला तुरुंग ठरलेला होता, तिथल्या माणसाला खिशातल्या चेहऱ्याची गंमत वाटत नव्हती.

पण रोजच्या चिल्लरीवर चेहरा देण्यात एक अडचण असते, आणि तिच्यावर कुठल्याही हुकूमशहाचा हुकूम चालत नाही. ती म्हणजे महागाई. काही वर्षांतच तेन्नेची नाणी निरुपयोगी झाली. मग १९९९ मध्ये ५०० आणि १,००० मानातची नाणी आली. चेहरा तोच. सरकारी दर डॉलरला ५,२०० मानात ठेवलेला होता, पण खुल्या बाजारात पुढे तो २३-२४ हजारांवर गेला. त्या दराने एक हजार मानातचं नाणं म्हणजे चार सेंट. नाण्यावरचा चेहरा बदलला नाही, पण ज्या पैशावर तो होता त्याची पत मात्र डोळ्यांदेखत घटत गेली.

नियाझोव डिसेंबर २००६ मध्ये वारले. १ जानेवारी २००९ रोजी ५,००० जुन्या मानातचा एक नवा मानात झाला. अझरबैजाननेही नेमका हाच दर वापरला होता. नव्या नोटांवर तोग्रुल बेग, सुलतान संजर, कवी मागतिमगुली असे इतिहासातले आणि आख्यायिकांमधले लोक आले. नियाझोव उरले ते फक्त सर्वांत मोठ्या, पाचशेच्या नोटेवर. नाण्यांवर देशाचा नकाशा आणि स्वातंत्र्याचं स्मारक आलं. चेहरा काढण्यासाठी कुणाला कसलीही घोषणा करावी लागली नाही. चलनातली शून्यं कमी करण्याच्या निमित्ताने तो आपोआप गेला.

६. बाकूने चेहरा कुठे ठेवला?

आता अझरबैजानकडे परत. हैदर अलीयेव यांचा जन्म १० मे १९२३ रोजी नखचिवानमध्ये झाला. गुप्तहेर खात्यातून वर चढत ते १९६९ मध्ये सोव्हिएत अझरबैजानच्या पक्षाचे प्रमुख झाले, १९८२ मध्ये मॉस्कोत पक्षाच्या सर्वोच्च समितीचे, म्हणजे पॉलिटब्युरोचे, पूर्ण सदस्य झाले, गोर्बाचोव्हच्या काळात १९८७ मध्ये बाजूला पडले आणि १९९३ च्या अंदाधुंदीत अझरबैजानच्या राजधानीत, बाकूला, परत येऊन राष्ट्राध्यक्ष झाले. १९९४ मध्ये आर्मेनियाशी युद्धबंदी झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पाश्चात्त्य तेलकंपन्यांशी तो मोठा करार झाला, जो तिथे ‘शतकाचा करार’ म्हणून ओळखला जातो. २००३ मध्ये त्यांचे पुत्र इल्हाम राष्ट्राध्यक्ष झाले आणि आजही तेच आहेत. वडिलांचा अधिकृत उल्लेख ‘समस्त राष्ट्राचे नेते’ असा होतो. बाकूच्या विमानतळाला त्यांचं नाव आहे, भूमध्य समुद्रापर्यंत जाणाऱ्या तेलवाहिनीला आहे, रस्ते, बागा आणि पुतळे तर गावोगावी आहेत. २०२३ हे जन्मशताब्दीचं साल ‘हैदर अलीयेव वर्ष’ म्हणून जाहीर झालं.

मग प्रश्न असा पडतो की अशा माणसाचा चेहरा रोजच्या पैशावर कुठे आहे?

कुठेच नाही. २००६ च्या नव्या मानातच्या नोटा ऑस्ट्रियाच्या रॉबर्ट कालिना यांनी रेखाटल्या. युरोच्या नोटाही त्यांच्याच. युरोप्रमाणे इथेही कुणा ऐतिहासिक व्यक्तीचा चेहरा नाही. एक मानातवर लोकवाद्यं, पाचवर ग्रंथ आणि साहित्य, दहावर जुन्या बाकूच्या तटबंदीचा भाग. नाण्यांवर देशाचा नकाशा. २०१८ मध्ये दोनशे मानातची नोट आली, तिच्यावर हैदर अलीयेव केंद्र आहे. झाहा हदीद यांनी रचलेली ती लाटेसारखी वळणारी पांढरी इमारत. म्हणजे नाव आलं, वास्तू आली, पण चेहरा नाही.

चेहरा आहे तो स्मारक नाण्यांवर. सोन्यात आणि चांदीत, मोजक्या नगांत. २००४ च्या स्मृतिनाण्यांची गोष्ट आपण पाहिलीच.

मला ही मांडणी फार विचारपूर्वक केलेली वाटते. चिल्लरीवरचा चेहरा मळतो, घासतो, महागाईने स्वस्त होतो आणि एक दिवस कुणी उचलूनही घेत नाही. पेटीतला चेहरा या सगळ्यापासून सुरक्षित राहतो. तो पाव घ्यायला बाहेर पडत नाही. तो परदेशी पाहुण्याला भेट म्हणून जातो, संग्रहालयात मांडला जातो, संग्राहकाच्या कपाटात राहतो. शिवाय इथे चेहरा आला तो मृत्यूनंतर. जिवंत सत्ताधाऱ्याचं नाणं मला पटत नाही, कारण सन्मान देणारा आणि घेणारा तिथे एकच असतो. निदान त्या एका कसोटीवर बाकूचं नाणं अश्गाबातच्या नाण्याहून सभ्य आहे. आपल्याकडे पंडित नेहरू मे १९६४ मध्ये गेले आणि त्याच वर्षी त्यांचं रुपयाचं आणि पन्नास पैशांचं नाणं आलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं स्मारक नाणं. तरी एक फरक नजरेआड करून चालणार नाही. बाकूमध्ये वडिलांच्या नाण्याच्या वेळी सत्तेवर मुलगाच होता. अशा वेळी स्मरण आणि वारसाहक्क एकमेकांत मिसळतात, आणि नाण्याकडे नुसतं पाहून ते वेगळे करता येत नाहीत.

एक लहानशी गोष्ट यासंदर्भात सांगण्यासारखी आहे. १९९३ ची एक हजार मानातची नोट होती, तिच्यावर मम्मद अमीन रसूलझादे होते. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या पहिल्या अझरबैजान प्रजासत्ताकाचे ते प्रमुख संस्थापक. २००१ मध्ये नवी एक हजाराची नोट निघाली, तेव्हा रसूलझादेंच्या जागी तेलविहिरींचे मनोरे आले. तेल खरंच देशाचं पोट भरत होतं. पण प्रजासत्ताकाचा पाया घालणाऱ्याला तिथून उठवण्याची गरज होती का, हे मला तरी कळलेलं नाही. पैशावर कोण आलं याच्याइतकंच कोण गेलं हेही पाहायला हवं.

७. धातूवर चेहरा उमटतो कसा

थोडं टांकसाळीत डोकावू. शिल्पकार आधी चेहरा नाण्याच्या कितीतरी पट मोठा, बशीएवढा, प्लास्टरमध्ये घडवतो. पूर्वी एक यंत्र त्या प्रतिकृतीवर सुई फिरवी आणि दुसऱ्या टोकाला तोच आकार लहान करून पोलादावर कोरत जाई. आता हे काम संगणकावर होतं. त्यातून पोलादी साचा तयार होतो. दोन बाजूंना दोन साचे, मधे धातूची कोरी चकती आणि भोवती कडं. यंत्राचा दाब पडला की क्षणात दोन्ही बाजू उमटतात.

चेहरा बहुधा बाजूने का दाखवतात? नाण्यावरचा उठाव मिलिमीटरच्याही अंशात असतो. समोरून चेहरा काढला तर नाक सर्वांत वर येतं आणि वापरात तेच आधी झिजतं. बाजूने काढला तर कपाळ, नाक, हनुवटी यांची कड हीच ओळख ठरते आणि उथळ उठावातही माणूस ओळखू येतो.

संग्राहकांच्या नाण्यात आणखी मेहनत असते. साचा आणि चकती दोन्ही घासून लख्ख करतात. साच्यातला चेहऱ्याचा भाग मात्र मुद्दाम खरखरीत ठेवतात. दाब एकापेक्षा जास्त वेळा देतात. परिणामी पार्श्वभूमी आरशासारखी काळसर चमकते आणि चेहरा दुधाळ पांढरा उठून दिसतो. अशा नाण्याला बोट लावायचं नसतं, कडेने धरायचं. बोटाचा घाम लागला तर आरशावर कायमचा डाग राहतो.

सोनं-चांदी परवडत नाही त्यांच्यासाठी काही देश हलक्या मिश्रधातूतही अशी नाणी काढतात. कझाकस्तानची अनेक स्मारक नाणी तांबं, निकेल आणि जस्त यांच्या ज्या मिश्रणात निघाली, त्याला आपल्या बाजारात जर्मन सिल्व्हर म्हणतात. चांदी त्यात नावालाही नसते. ही नाणी पडतात ओस्केमेन या शहरात. तिथल्या उल्बा धातुकारखान्यात सोव्हिएत काळापासून अणुभट्ट्यांचं इंधन तयार व्हायचं. १९९२ मध्ये त्याच कारखान्याच्या आवारात कझाकस्तानने आपली टांकसाळ उभारली.

८. नेता गेल्यावर

कझाकस्तानचं उदाहरण शेवटी ठेवलं, कारण तिथे ही गोष्ट तीन टप्प्यांत घडली आणि प्रत्येक टप्पा पैशावर दिसतो.

१५ नोव्हेंबर १९९३ रोजी कझाकस्तानचं चलन, तेंगे, आलं. पहिल्या नोटांवर तत्त्ववेत्ता अल-फाराबी, कवी अबाय, अबलाय खान असे पूर्वज होते. राष्ट्राध्यक्ष नूरसुल्तान नझरबायेव नव्हते. २००६ च्या मालिकेत राजधानीतला बायतेरेक मनोरा आला आणि त्याच्यासोबत उघड्या पंजाचा ठसा, त्यात नझरबायेव यांची सही. चेहरा नाही, पण हात आहे. २०१० मध्ये त्यांना कायद्याने ‘एल्बासी’, म्हणजे राष्ट्राचा नेता, हा दर्जा मिळाला. त्या कायद्यावर त्यांनी स्वतः सही केली नाही आणि तो रोखलाही नाही. तो तसाच अमलात आला. डिसेंबर २०१६ मध्ये स्वातंत्र्याच्या पंचवीस वर्षांनिमित्त दहा हजार तेंगेची स्मारक नोट निघाली आणि तिच्यावर अखेर चेहरा आला. ते तेव्हा खुर्चीवर होते.

२०१९ मध्ये त्यांनी राष्ट्राध्यक्षपद सोडलं आणि राजधानी अस्तानाला त्यांचंच नाव देऊन ‘नूर-सुल्तान’ केलं गेलं. जानेवारी २०२२ मध्ये देशभर उठाव झाला, रक्त सांडलं. जूनमध्ये सार्वमत घेऊन राज्यघटनेतला ‘पहिल्या राष्ट्राध्यक्षां’चा उल्लेख काढला. सप्टेंबरमध्ये राजधानी पुन्हा अस्ताना झाली. २०२३ मध्ये त्यांच्या विशेष दर्जाचा कायदाही रद्द झाला.

घटना बदलता येते, पाट्या उतरवता येतात. अश्गाबातमधला तो फिरता सोनेरी पुतळाही २०१० मध्ये शहराबाहेर हलवण्यात आला. नोट बंद करायची तर मध्यवर्ती बँकेला मुदत द्यावी लागते, बदली पैसे द्यावे लागतात, आणि तेवढी यातायात पत्करली तर नोटा परतही येतात. लोकांच्या कपाटातल्या सोन्याच्या स्मारक नाण्याला मात्र हा उपाय लागू पडत नाही. बँकेने ते परत मागितलं तर ती दर्शनी किंमतच देणार, आणि दोन-चार कपिकसाठी कुणी सोनं घेऊन येणार नाही. त्यामुळे नेत्याची नाणी नकोशी झाली तर सरकारच्या हाती एकच गोष्ट उरते, ती म्हणजे पुढच्या वर्षीच्या यादीतून तो विषय वगळणं. आधी विकली गेलेली नाणी तशीच राहतात, त्या वर्षाच्या आकड्यासह आणि त्या वेळी दिलेल्या पदवीसह.